नाव, रंग आणि द्रव्य : मोटारीच्या शीतक द्रवाचा इतिहास

मोटारगाडीच्या नियतकालिक देखभालीच्या वेळी इंजिनात कोणता शीतक द्रव घालावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक व केवळ मिस्त्रीच्या अखत्यारीतला वाटतो. गॅरेजमध्ये त्याचे उत्तरही बहुधा दोनच प्रकारांनी दिले जाते. एक उत्तर असे की, आधी हिरवा होता, तेव्हा आताही हिरवाच घालावा. दुसरे उत्तर असे की, पाण्याने आजवर कोणाचे काय बिघडले? ही दोन्ही उत्तरे चुकीची ठरू शकतात. आणि ती चुकली म्हणजे काही महिन्यांनी रेडिएटर चोंदतो, पाण्याचा पंप गळू लागतो, हेडचे गॅस्केट उडते आणि प्रसंगी हेडच वाकते. तथापि ही उत्तरे निव्वळ अज्ञानातून आलेली आहेत, असे म्हणता येत नाही. त्यांच्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. या काळात इंजिनातील द्रवाचे कार्य पालटत गेले, त्याचे नाव मात्र पूर्वीच्या कार्याला चिकटून राहिले. आणि नावाची उणीव भरून काढण्यासाठी ज्या रंगाचा आधार घेण्यात आला, तो रंग नावाहूनही अविश्वसनीय निघाला. नाव, रंग आणि द्रव्य यांची ही फारकत कशी झाली, आणि तीमधून निवडीचे कोणते तत्त्व निष्पन्न होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(१) पाण्याचा काळ

अंतर्ज्वलन इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा थोडाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेल्यापैकी काही धुरावाटे निघून जाते, आणि काही उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून सतत बाहेर काढून घ्यावी लागते. हे काम प्रारंभी पाण्याकडे आले, यात नवल नाही. समान वजनाच्या द्रवांत पाण्याइतकी उष्णता सामावून घेणारा, सर्वत्र मिळणारा, स्वस्त आणि पेट न घेणारा दुसरा द्रव नाही. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीसाठी पेटंटचा अर्ज केला, तिच्या इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जात असे. साहजिकच प्रवासात ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. पुढे व्हिल्हेल्म मायबाख याने मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या रचनेचा रेडिएटर तयार केला आणि १९०१ च्या सुमारास तो मर्सिडीज गाडीवर दिसू लागला. त्यायोगे तेच पाणी थंड होऊन पुन्हा इंजिनाकडे जाऊ लागले. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, अगदी आरंभीचा काळ वगळता, पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड झालेले खाली उतरते, एवढ्याच नियमावर तिचे शीतन चालत असे.

परंतु पाण्याचे चार दोष होते. ते शून्य अंशाला गोठते व गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. त्यामुळे कडक थंडीच्या एका रात्रीत बिडाचा ब्लॉक तडकू शकतो. ते शंभर अंशांना उकळते. ते धातूंना गंजवते. आणि त्यात विरघळलेले क्षार तप्त पृष्ठभागावर पुटांच्या रूपाने साचतात. शीतक द्रवाचा इतिहास म्हणजे या चार दोषांवर योजिलेल्या उपायांचा इतिहास होय. हे चारही दोष एकाच वेळी जाणवले नाहीत. मोटार जेथे जन्मली व वाढली ते देश हिमाळ असल्याने पहिला दोष प्रथम जाणवला, आणि द्रवाला नाव मिळाले ते त्या दोषावरून.

(२) गोठण्यावरील उपाय

आरंभीचे उपाय घरगुती स्वरूपाचे होते. कॅल्शियम क्लोराइडचे पाणी गोठत नसे, पण ते धातूच खाऊन टाकी. मद्यार्क स्वस्त होता. मात्र मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना व एथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणजे इंजिन नीट तापण्याच्या आतच ते उडून जाऊ लागे, आणि त्यांची वाफ ज्वालाग्राही असे. ग्लिसरीन उडून जात नसे; पण ते दाट होते व महागही पडे.

ज्या द्रव्याने हा प्रश्न सोडविला, त्याचा जन्म मोटारीच्या तीस वर्षे आधी झालेला होता. शार्ल-आदॉल्फ व्युर्त्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली एथिलीन ग्लायकॉल प्रथम तयार केले. त्याने दिलेले नाव अभ्यसनीय आहे. हे द्रव्य ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांच्या मधले आहे असे त्याच्या ध्यानात आले, म्हणून एकाचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट जोडून त्याने ‘ग्लायकॉल’ हा शब्द बनविला. ‘ग्लिसरीन’ या शब्दाच्या मुळाशी ‘गोड’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. अशा रीतीने या द्रव्याच्या नावातच त्याची गोडी शिरली. तिचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

सुमारे साठ वर्षे या द्रव्याला मोठ्या प्रमाणावर उपयोगच सापडला नाही. पहिल्या महायुद्धात ग्लिसरीनचा तुटवडा पडल्यावर स्फोटकांसाठी त्याची आठवण झाली. थंडीत न गोठणारा डायनामाइट करण्यासही ते सोयीचे ठरले. १९२५ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात साउथ चार्ल्सटन येथे त्याचा व्यापारी कारखाना उभा राहिला, आणि १९२७ साली ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी विक्रीस आले. जर्मनीत १९२९ साली ‘ग्लायसँटिन’ आले. मद्यार्काच्या उलट हे द्रव्य १९७ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून एकदा भरले की ते टिकते.

येथे एक विरोधाभास लक्षात घेणे अवश्य आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांना गोठते, परंतु त्यात तितकेच पाणी मिसळले असता मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणजे पाणी हे येथे केवळ द्रव पातळ करणारे नसून उपायाचाच एक घटक आहे. शुद्ध ते अधिक चांगले, ही सामान्य समजूत या ठिकाणी लागू पडत नाही. ही गोष्ट विमानांच्या इंजिनांतही प्रत्ययास आली. रोल्स-रॉइसच्या मर्लिन या प्रसिद्ध इंजिनाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत निव्वळ ग्लायकॉल वापरले जाई. ते उच्च तापमानावर चालविता येई, म्हणून रेडिएटर लहान करता येत असे. पण इंजिन फार तापे, आणि गळती झाल्यास आगीचे भय असे. नंतरच्या आवृत्त्यांत दाबाखाली ठेवलेले ७० भाग पाणी व ३० भाग ग्लायकॉल असे मिश्रण आले. त्याने इंजिन अधिक थंड राहिले, त्याचे आयुष्य वाढले आणि आगीचा धोकाही घटला. उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाण्याची जागा ग्लायकॉलला घेता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष होय.

उकळण्याविषयीही असेच म्हणता येईल. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण सामान्य वायुदाबाखाली सुमारे १०७ अंशांना उकळते. म्हणजे पाण्यापेक्षा लाभ सात अंशांचाच. उलट रेडिएटरच्या टोपणाने प्रणालीत चौरस इंचास सुमारे १५ पौंडांचा जादा दाब राखला, तर निव्वळ पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते व हे मिश्रण १२९ अंशांच्या आसपास. गाडी उकळू न देण्याच्या कामी टोपणाचा वाटा द्रवापेक्षा मोठा आहे. म्हणूनच टोपणाचे रबर झिजले असता उत्तमातला उत्तम द्रवही उपयोगी पडत नाही.

(३) नाव मागे राहिले

इंग्रजीत या द्रवाला ‘अँटिफ्रीझ’, म्हणजे गोठणविरोधी, असे नाव पडले. जर्मन भाषेतील रूढ शब्दही हिमापासून रक्षण असाच अर्थ सांगतो. नंतर ‘लुब्रिकंट’ या शब्दाच्या धर्तीवर, इंग्रजी धातूला लॅटिन वळणाचा प्रत्यय लावून, ‘कूलंट’ हा संकर शब्द घडविण्यात आला. एका नावात गोठण्याचा, तर दुसऱ्यात थंड करण्याचा निर्देश आहे. पण द्रवाचे जे कार्य पुढे निर्णायक ठरले, ते या दोहोंपैकी एकाही नावात आलेले नाही. ते कार्य म्हणजे संक्षारणापासून धातूंचे रक्षण.

ग्लायकॉल उष्णता व हवा यांच्या सान्निध्यात हळूहळू ऑक्सिडीभूत होऊन आम्ले निर्माण करते. त्यात इंजिनात एकच धातू नसतो. जुन्या गाडीत बिडाचा ब्लॉक, तांब्या-पितळेचा रेडिएटर आणि सांध्यांवर शिशाचा डाख असे. असे भिन्न धातू एकाच विद्युत्‌वाहक द्रवात बुडाले म्हणजे त्यांचा विद्युत्‌घट बनतो, आणि त्यातील अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. यासाठी ग्लायकॉलमध्ये अल्प प्रमाणात निरोधक द्रव्ये मिसळणे प्राप्त झाले. बाटलीतील ग्लायकॉल जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. भेद असतो तो या अल्पांशात, आणि निवडीचा सारा प्रश्न या अल्पांशाचाच आहे.

एकच निरोधक सर्व धातूंना पुरत नाही, हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. ब्रिटिश मानक संस्थेने १९५९ साली एक नव्हे तर तीन प्रमाणे निश्चित केली. एकात फॉस्फेट वर्गाचे, दुसऱ्यात सोडियम बेंझोएट व सोडियम नायट्राइट यांचे, आणि तिसऱ्यात टाकणखाराचे, म्हणजे बोरॅक्सचे, संरक्षण होते. म्हणजे ‘गोठणविरोधी द्रव’ या एका नावाखाली त्या काळीच तीन निरनिराळी द्रव्ये नांदत होती. डिझेल मालमोटारींचा प्रश्न आणखी वेगळा होता. त्यांच्या सिलिंडरांतील पाण्याला लागून असलेले लायनर प्रत्येक स्फोटागणिक थरथरतात, पृष्ठभागावर वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात, आणि त्या आघातांनी लायनरला आरपार छिद्रे पडू शकतात. यावर नायट्राइटचा पातळ थर उपकारक ठरला. म्हणून मालमोटारीचा द्रव व लहान मोटारीचा द्रव यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

पुढे वजन कमी करण्याच्या हेतूने हेड, नंतर रेडिएटर आणि शेवटी पुष्कळ गाड्यांत ब्लॉकही ॲल्युमिनियमचा झाला. ॲल्युमिनियम आम्लातही झिजते व तीव्र अल्कलीतही झिजते. बिडाला मानवणारा बोरॅक्स तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडला बाधक ठरू शकतो. जो द्रव कालपर्यंत योग्य होता तो अयोग्य ठरला, परंतु त्याचे नाव तेच राहिले.

(४) तीन प्रदेशांच्या तीन परंपरा

ॲल्युमिनियमचे रक्षण कसे करावे, या प्रश्नाला जगाच्या तीन भागांत तीन उत्तरे मिळाली. युरोपात अनेक ठिकाणी पाणी जड आहे. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी फॉस्फेटचा संयोग होऊन पुटे साचतात; म्हणून युरोपीय उत्पादकांनी फॉस्फेट वर्ज्य करून सिलिकेट पत्करले. शिवाय नायट्राइट आणि अमाइन एकत्र आल्यास घातक नायट्रोसअमाइने बनण्याचा संभव असल्याने तीही जोडी त्यांनी टाळली. जपानी उत्पादकांना सिलिकेटचे वावडे होते. त्याचे कण पाण्याच्या पंपाच्या सीलला घासतात असा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवले. अमेरिकेत दीर्घकाळ सिलिकेट व फॉस्फेट ही दोन्ही असलेला हिरवा द्रव चालत राहिला. एकाच रासायनिक प्रश्नाची ही भिन्न उत्तरे त्या त्या प्रदेशाच्या पाण्यावर, यंत्ररचनेवर व सवयींवर उभी होती. त्यांपैकी कोणतेही उत्तर निरपवाद श्रेष्ठ नव्हते.

यानंतर सेंद्रिय आम्लांच्या लवणांवर आधारलेले निरोधक आले. सिलिकेट सर्व पृष्ठभागावर त्वरेने थर धरते, पण दोन-तीन वर्षांत ते खर्ची पडते. सेंद्रिय निरोधक जेथे संक्षारणाला प्रारंभ होतो तेथेच क्रिया करतो. तो मंदगतीने काम करतो, परंतु पाच वर्षे किंवा अधिकही टिकतो. जनरल मोटर्सने १९९६ च्या गाड्यांपासून नारिंगी रंगाचा ‘डेक्स-कूल’ हा असा द्रव व्यापक प्रमाणावर वापरला. काही इंजिनांतील गॅस्केटांची हानी आणि प्रणालीत साचणारा गाळ यांवरून त्याविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावे झाले व २००८ साली ते तडजोडीने मिटले. दोष द्रवाचा, गॅस्केटच्या प्लास्टिकचा, की द्रवाची पातळी उतरू देणाऱ्या वापराचा, यावर मतभेद आहेत. दीर्घायुषी द्रव म्हणजे देखभालीपासून मुक्ती नव्हे, एवढे मात्र त्यावरून स्पष्ट झाले. पुढे सेंद्रिय निरोधकाला अल्प सिलिकेटची जोड देणारे युरोपीय द्रव व फॉस्फेटची जोड देणारे जपानी द्रव निघाले. जुना प्रादेशिक भेद नव्या पिढीतही असा टिकून राहिला.

(५) रंगाचा संकेत

ग्लायकॉलला स्वतःचा रंग नाही. रंग वरून मिसळला जातो. त्याची प्रयोजने साधी आहेत : गळती झाली तर ती दिसावी, टाकीतील पातळी कळावी आणि कोणी ते पाणी समजू नये. द्रव्यांचे प्रकार वाढू लागले तेव्हा प्रत्येक उत्पादकाने आपला प्रकार ओळखू यावा म्हणून आपला रंग ठरविला. येथपर्यंत सर्व युक्त होते. पण ग्राहकाने व मिस्त्रीने रंगालाच द्रव्याचे नाव मानले, आणि येथे घोटाळा झाला.

शब्द व अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसून सामयिक, म्हणजे संकेताधीन आहे, असे नैयायिकांनी मानले. सोस्यूरच्या, १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतही चिन्हाची यादृच्छिकता हेच मूलतत्त्व आहे. परंतु यादृच्छिक चिन्ह अर्थ देऊ शकते, ते त्याच्यामागे संकेत पाळणारा एक समाज असतो म्हणून. शीतक द्रवाच्या रंगामागे असा समाज नाही. प्रत्येक कारखाना स्वतःपुरती एक भाषा बोलतो. ऐकणारा मात्र ती सर्वांची एकच भाषा आहे असे समजतो.

याची उदाहरणे ठळक आहेत. टोयोटाचा जुना लाल द्रव फॉस्फेटयुक्त, सिलिकेटरहित व अल्पायुषी होता. फोल्क्सवागेनचा लाल ‘जी-१२’ हा फॉस्फेटरहित, सेंद्रिय निरोधकाचा व दीर्घायुषी होता. रंग एक, द्रव्ये दोन. उलट ‘जी-०५’ या नावाने ओळखला जाणारा एकच संमिश्र प्रकार फोर्डने सोनेरी-पिवळ्या रंगात आणि क्रायस्लरने नारिंगी रंगात दिला. द्रव्य एक, रंग दोन. आणि क्रायस्लरचा तो नारिंगी द्रव जनरल मोटर्सच्या नारिंगी द्रवाहून वेगळाच होता. भाषेत ज्यांना अनेकार्थी व समानार्थी शब्द म्हणतात, त्या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. मात्र वाक्यातील संदर्भाने अर्थ निश्चित करण्याची जी सोय भाषेत आहे, ती बाटलीच्या बाबतीत नाही.

एकाच उत्पादकापुरते पाहिले तरी स्थिती फारशी निराळी नाही. फोल्क्सवागेनचा ‘जी-११’ निळसर हिरवा होता व ‘जी-१२’ लाल. ही दोन एकत्र झाली तर तपकिरी, गढूळ द्रव बनून प्रणाली धुऊन काढावी लागे. पुढील ‘जी-१२ प्लस’ जुन्यांत मिसळण्याजोगा केला गेला व त्याला जांभळी छटा दिली गेली. पण त्यानंतरचे ‘जी-१२ प्लस-प्लस’ व ‘जी-१३’ हेही जांभळ्या छटेचेच निघाले. यांपैकी ‘जी-१३’ मध्ये तर आरंभीच्या काळात मागे पडलेले ग्लिसरीन पुन्हा अंशतः आले. या सर्वांना खऱ्या अर्थाने वेगळे करतो तो रंग नव्हे, तर ‘टीएल ७७४’ या विनिर्देशापुढील अक्षर : सी, डी, एफ, जी, जे असे. पुण्याजवळ चाकण येथे या उत्पादकाचा कारखाना २००९ साली सुरू झाला, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रातील गॅरेजनाही परका राहिलेला नाही.

(६) महाराष्ट्रातील ‘पाणी’

मराठी मुलखात मोटार आली तेव्हा गोठण्याचे भय तिच्याबरोबर आले नाही. महाबळेश्वरी कधीमधी दव गोठते. तेवढ्याने ब्लॉक फुटत नाही. त्यामुळे ‘गोठणविरोधी’ हे नाव येथे निरर्थक वाटले, आणि जे निरर्थक वाटले ते अनावश्यकही मानले गेले. गाडीवानांच्या भाषेत रेडिएटरमध्ये घालावयाचे ते ‘पाणी’च राहिले. जर्मन भाषेतही ‘शीतनाचे पाणी’ असा जुना शब्द चालतो, हे येथे आठवावे. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात तापलेली गाडी कडेला लावून, बॉनेट उघडून, ती निवण्याची वाट पाहत थांबणे आणि मग डब्याने पाणी ओतणे, हा प्रवासाचाच एक भाग होता.

त्या काळच्या गाड्यांना हे काही अंशी चालून गेले, याचीही कारणे आहेत. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसडरच्या मूळ पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक व हेड ही दोन्ही बिडाची होती. पाण्याची वाट रुंद होती, आणि पितळी रेडिएटर खोलून, सळई घालून साफ करता येई, गळला तर डाख लावता येई. पुटे चढत, गंज धरे, पण दुरुस्ती स्वस्त होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ॲल्युमिनियमचे हेड असलेल्या लहान, हलक्या, जपानी वळणाच्या इंजिनांचे युग सुरू झाले. आता रेडिएटरच्या नळ्या अरुंद झाल्या, त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या झाल्या, आणि डाखाने सांधण्याची सोय संपली. ‘पाणी’ हा शब्द मात्र तसाच चालत राहिला, आणि शब्दाबरोबर कृतीही.

दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. असे पाणी इंजिनात उकळत राहिले म्हणजे तप्त धातूवर क्षारांचा थर बसतो. हा थर उष्णतेला अडवितो, आणि तापमापकाचा काटा मध्यावर असतानाही हेडचा एखादा भाग अतितप्त होऊ शकतो. फॉस्फेटयुक्त जपानी द्रवात असे पाणी मिसळले तर युरोपीयांनी ज्या कारणास्तव फॉस्फेट टाळले, तोच परिणाम येथे घडतो. म्हणून तीव्र द्रव विकत घेऊन त्यात नळाचे किंवा विहिरीचे पाणी मिसळणे हे अर्धेच शहाणपण होय. बॅटरीसाठी मिळते तसे क्षारविरहित पाणी वापरावे, अथवा कारखान्यातच मिसळून आलेला द्रव घ्यावा.

यावरून असे दिसेल की, उष्ण प्रदेशात हा द्रव लागतो तो गोठण टाळण्यासाठी नव्हे, आणि मुख्यत्वे उकळणे टाळण्यासाठीही नव्हे. तो लागतो तो त्यातील निरोधकांसाठी, म्हणजे ज्या कार्याला नावच मिळाले नाही त्या कार्यासाठी.

(७) गोडी आणि विष

द्रव्याच्या नावातील गोडीचा उल्लेख वर आला आहे. एथिलीन ग्लायकॉल चवीला खरोखरच गोड असते, आणि ते विष आहे. यकृतात त्याचे रूपांतर होऊन ग्लायकॉलिक व ऑक्झॅलिक ही आम्ले बनतात. पहिल्याने रक्त आम्लयुक्त होते, दुसऱ्याचे कॅल्शियमशी संयोग पावलेले स्फटिक मूत्रपिंडांत साचून ती निकामी होतात. आरंभीची लक्षणे मद्याच्या नशेसारखी असल्याने धोका उशिरा कळतो. उपचार आहे, परंतु तो त्वरित व्हावा लागतो. एथेनॉल हा जुना उतारा होय. १९९७ साली अमेरिकेत फोमेपिझोल या औषधालाही मान्यता मिळाली. प्रॉपिलीन ग्लायकॉलवर आधारलेले द्रव त्या मानाने पुष्कळच कमी विषारी असतात.

येथेही प्रश्न खुणेचाच आहे. उरलेला द्रव पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची रीत आहे. बाटलीची आकृती ‘हे पेय आहे’ असे सांगते, रंग सरबताचा भास निर्माण करतो आणि चव त्याला दुजोरा देते. लहान मूल या तिन्ही खुणा बिनचूक वाचते आणि तरीही फसते. तेव्हा हा द्रव मूळ डब्याबाहेर ठेवू नये व रस्त्यावर ओतून देऊ नये. तेथे साचलेले थारोळे कुत्री-मांजरे चाटतात.

(८) निवडीचे तत्त्व

या इतिहासातून निघणारे तत्त्व थोडक्यात असे मांडता येईल. द्रवाची निवड नावावरून करू नये, कारण नाव केवळ जुने कार्य सांगते. ती रंगावरूनही करू नये, कारण रंगाचा सर्वमान्य संकेत अस्तित्वात नाही. ती विनिर्देशावरून करावी. गाडीच्या पुस्तिकेत निर्मात्याने दिलेला विनिर्देश-क्रमांक आणि डब्यावर छापलेला क्रमांक जुळला पाहिजे. भारतीय मानक आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४, अमेरिकन एएसटीएम डी ३३०६, ब्रिटिश बीएस ६५८० ही प्रमाणे किमान गुणवत्तेची हमी देतात. पण निर्मात्याने त्याहून निश्चित असा प्रकार सांगितला असेल तर तोच ग्राह्य मानावा. ‘सर्व गाड्यांसाठी’ असे लिहिलेल्या डब्यावर तो क्रमांक सापडत नसेल, तर त्या शब्दांना मोल नाही.

प्रणालीत आधी काय भरले आहे हे कळत नसेल तर रंग पाहून भर घालू नये. सर्व द्रव काढून, क्षारविरहित पाण्याने प्रणाली धुऊन, नव्याने भरावे. दोन प्रकार मिसळले की दर वेळी तत्काळ अनर्थ होतो असे नाही. अधिक वेळा असे घडते की, दोहोंचे निरोधक परस्परांना दुर्बल करतात, पाच वर्षांचा द्रव दोन वर्षांचा होतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. वाटेत पातळी उतरलीच तर अपरिचित द्रवापेक्षा थोडे स्वच्छ पाणी घालून घर गाठणे बरे. परंतु गरम इंजिनाचे टोपण कधीही उघडू नये. गॅरेजमधील मापकाने दिलेल्या आकड्यावरही सर्वस्वी विसंबू नये. ते उपकरण ग्लायकॉलचे प्रमाण व त्यावरून गोठणबिंदू दाखविते. निरोधक शिल्लक आहेत की नाहीत हे ते सांगत नाही. द्रवाच्या जुन्या नावात जेवढे आले, तेवढेच हे उपकरण मोजते. म्हणून द्रव स्वच्छ दिसत असला तरी नेमलेल्या मुदतीनंतर तो बदलला पाहिजे.

या द्रवाचे कार्य अद्याप स्थिरावलेले नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही तो आहे. २०२० साली बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीला द्रवानेच थंड राखले जाते. अशा गाड्यांत द्रव विद्युत्‌वाहक नसावा, किंवा अत्यल्प असावा, अशी नवी अपेक्षा निर्माण झाली आहे. गळती झाल्यास तो जेथे पोहोचेल तेथे उच्च दाबाची वीज असते. म्हणजे जुन्याच नावाखाली आणखी एक कार्य दाखल होत आहे, आणि त्यालाही कोणता तरी रंग दिला जाईलच. वस्तू पालटते व शब्द राहतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवी नाही. बहुतेक ठिकाणी ती निरुपद्रवीही असते. जेथे शब्दाच्या भरवशावर धातूचे आयुष्य आणि क्वचित माणसाचा जीवही अवलंबून असतो, तेथे मात्र नावामागील द्रव्य कोणते हे प्रत्येक वेळी नव्याने विचारणे भाग आहे.